घरच्या पाण्याचा थेंब

मुलांनो, पाण्याच्या एका थेंबाने मी एकदा अकरा पाहुणे तहानलेले उठवले आहेत.

आमच्या सरकारी हायस्कुलाला वरून हुकूम आला होता: विज्ञानाची खोली बांधा, नाहीतर मॅट्रिकचा वर्ग बंद. मुलगे अकोल्याला शिकायला गेले असते. मी मात्र थेट बोहल्यावर! म्हणून बाबांनी शाळेचे जुने विद्यार्थी वर्गणीसाठी जेवायला बोलावले. त्यांना भुरळ पडावी म्हणून हेडमास्तरांनी कुठूनसा सूक्ष्मदर्शक मागून आणला. त्यातून विहिरीच्या पाण्याचा थेंब दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

मी सकाळीच पाहून घेतलं. थेंबात काहीच नाही! रिकाम्या काचेसाठी कोण खिशात हात घालणार? मग मी बैलांच्या हौदाच्या तळाचा हिरवा थेंब लावला. (शेजारी सुवाच्य अक्षरात चिठ्ठीही ठेवली: 'आमच्या घरचे पाणी'. हौद घरचाच होता ना!)

रिठदचे नानासाहेब, पाहुण्यांतले सर्वांत मोठे जमीनदार, पहिले वाकले.

"अरे बापा! हे मिशावालं काय इकडून तिकडं पयून राह्यलं?"

"आमचं पाणी, काका," मी अभिमानाने म्हणाले.

"पोरी, म्या आत्ताच दोन गिलास पेलो!"

मग एकेक जण वाकला आणि पोट धरून सरळ झाला. पंगतीत ठेच्याने सगळ्यांचे डोळे गळत होते, पण पेल्याला कोणी हात लावेना. वरणही तसंच, तेही त्याच पाण्यात शिजलेलं ना!

"काहून जी, मीठ कमी पडलं काय?" आईने विचारलं.

"नाई वहिनी, पोट भरलं," हाशहुश करत नानासाहेब उठले. "मास्तर, खोलीचं मंग पाहू. पयले मले जित्ता घरी जाऊ द्या!"

त्यांची बैलगाडी जुंपली गेली. तिच्यात बसून माझं मॅट्रिक चाललं होतं! मी धावले.

"काका, थांबा! तो थेंब बैलांच्या हौदातला होता! विहिरीच्या पाण्यात काहीच दिसेना, म्हणून..."

बाबांनी कपाळाला हात लावला. नानासाहेब मात्र खाली उतरले.

"दाखव."

विहिरीचा थेंब खरंच स्वच्छ निघाला. आता त्यांना राहवेना. त्यांनी गाडीला टांगलेली आपली पाण्याची छागल मागवली. "आमच्या रिठदचं पाणी लाव. अमृत आहे!"

मी थेंब लावला. ते कितीतरी वेळ मान वर करेचनात.

"काय दिसते, नानासाहेब?" हेडमास्तरांनी हळूच विचारलं.

"पोहरादेवीची जत्रा!" डोळा न काढता ते म्हणाले. "मास्तर, बांधा खोली, पैसा मी देतो. पण या पोरीच्या हातचं पाणी कोणी पेऊ नोका!"

खोली झाली, मी मॅट्रिकही झाले. पण बातमी पंचक्रोशीत पसरली, आणि मला पाहायला येणारी मंडळी 'पाणी राहू द्या, चहाच आणा' म्हणू लागली. फक्त तुमच्या आजोबांनी माझ्या हातचं पाणी मागून घेतलं. ते नागपूरचे, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!