धाकट्या मामांचा दुसरा दोर

मिठबावच्या आमच्या धाकट्या मामांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एका ठिकाणी धरून समाधान मानलं नाही. धोतराला गाठ असे, वर करदोडा असे आणि तरीही रस्त्याने जाताना एक हात कमरेवर असे. शेळीच्या गळ्यात दोन दावी. विहिरीच्या कळशीला तर त्यांनी दोन दोर बांधले होते, दोन बाजूंनी ओढायला. शेजारच्या घरात नवी आलेली सून पहिल्याच दिवशी दोन दोर बघून दुसरी कळशी शोधत बसली. "कळशी एकच आसा," मामा म्हणाले, "पण एक दोर तुटलो तर दुसरो आसा मा!" आणि लगेच तो दुसरा ओढून बघायला धावले. बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. भातावर कालवण येईपर्यंत ते उठून होडीचा दोर बघून येत. जुना दोर बदलतानाही नवा बांधून, दोनदा हिसका देऊन बघितल्याशिवाय जुना सोडत नसत.

पुढे मी पुण्याला संगणक शिकवू लागलो आणि युनिक्समध्ये मला मामा भेटले. तिथे फाईल उघडली की तिला एक क्रमांक मिळतो. वाचायचं-लिहायचं ते त्या क्रमांकाने. 'डप' हा सिस्टम कॉल वापरला की त्याच उघड्या फाईलला आणखी एक क्रमांक मिळतो. फाईल एकच, वाचत कुठवर आलो ती जागाही एकच. एक क्रमांक बंद केला तरी दुसऱ्याने काम चालू. मी फळ्यावर कळशी आणि दोन दोर काढतो, मुलं हसतात.

एका मुलीचा प्रोग्रॅम मात्र काही केल्या संपेना. एक बाजू पाइपमध्ये, म्हणजे एका टोकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं अशा नळीत, लिहून मोकळी झाली होती. दुसरी वाचायला बसली ती उठेचना. लिहिण्याच्या टोकाची डपने केलेली एक प्रत कुठेतरी उघडी राहिली होती. अशी शेवटची प्रत बंद होईपर्यंत वाचणाऱ्याला 'संपलं' असं कळतच नाही. अजून काही येईल म्हणून तो थांबून राहतो. ते बघताना मला थोरली मामी आठवली.

साठच्या दशकात थोरले मामा गलबत घेऊन गेले ते परतले नाहीत. त्या घरात दर्यावर गेलेल्या माणसाचा पाट रोज पंगतीत मांडायची रीत होती. पाट मांडलेला असे तोवर त्याची बायको सगळ्यांच्या मागून एकटी जेवायची, माहेरीही जायची नाही. पाट आजोबा मांडत. ते विसरले तर, म्हणून धाकटे मामा तयारच असत. वर्षं गेली. एके दिवशी आजोबांनी पाट भिंतीला टेकवला. मामांनी तो उचलून पुन्हा मांडला. त्यांच्या त्या मायेचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मामी काय सोसत होती ते मला दिसलं नाही.

मग मसुऱ्याला मामीची आई अंथरुणाला खिळली. निरोपांवर निरोप येत होते, शेवटची भेट हुकेल असं सगळेच म्हणत होते. एका दुपारी मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"भावजी, तुमी पाट मांडतास तोपर्यंत माका वाट बघूची लागता. आता तो तुमीच उचला."

मामा एकाच जागी उभे राहिले. "आणि दादा इलो तर?"

"इले तर तुमीच मांडशात."

मामांनी पाट उचलून भिंतीला टेकवला. मामी आमच्या पंगतीत बसली आणि पहिल्याच घासाला रडली, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. इतक्या वर्षांत तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं. जेवण उरकून ती मसुऱ्याला गेली. आईची भेट झाली. मामा त्यानंतर जेवता जेवता कधी उठले नाहीत, आणि ते तसे स्वस्थ बसलेले मला बघवत नसत.

वर्गातल्या त्या मुलीला मी ती उरलेली प्रत बंद करायची ओळ सांगितली. प्रोग्रॅम तत्काळ संपला.

"एवढंच होतं, सर?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तो पाटही हलकाच होता, एका हाताने उचलण्यासारखा. मामांना दोन्ही हात लागले होते.