उलट्या तोंडाचा पाणकावळा

इशबेल मॅक्फेलचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या कपड्यांवर बिल्ले भरण्यात गेलं. शाळेच्या कोटांवरचे, बँडवाल्यांचे, बोलिंग क्लबाचे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्टकेर गावात, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत ती सुई घेऊन बसे. हात बारीक कामाचा आणि जीभ तिखट.

बेचाळीसच्या वसंतात, महायुद्ध चालू असताना, कॅप्टन लॉरिमर सिगारेटच्या पाकिटामागे काढलेलं चित्र घेऊन तिच्याकडे आला. चोचीत वल्हं धरलेला पाणकावळा. त्याच्यासकट चाळीस माणसं खाडीत होड्या वल्हवायला शिकत होती. कुठं जायचंय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुकडी गुप्त आहे, कुणापाशी बोलू नका, असं त्यानं बजावलं.

"मग खांद्यावर कशाला मिरवता?" इशबेलनं विचारलं. कॅप्टननं चित्र टेबलावर ठेवलं आणि तो निघाला.

दोन्ही खांद्यांचे मिळून ऐंशी बिल्ले तिनं काळ्या दोऱ्यानं भरले. सगळे पक्षी डावीकडे बघणारे. आठवड्यानं कॅप्टन ओशाळून परत आला. उजव्या खांद्यावर पक्षी मागं तोंड करून पळतोय असं दिसतं, पोरं हसतात, म्हणाला. चित्र तुम्हीच दिलं होतंत, असं सुनावून तिनं चाळीस पक्षी उजवीकडे तोंड करून नव्यानं भरले. तोवर काळा दोरा संपला होता आणि युद्धात नवा मिळेना, म्हणून गडद निळा वापरला.

ते शिवून महिनाही झाला नाही तोच वरून हुकूम आला: बिल्ल्याला मंजुरी नाही, काढून जाळा. चाळीस कोट पुन्हा तिच्याच टेबलावर. ज्या हातानं भरले, त्याच हातानं ते उसवताना तिला इतका राग आला की कात्री दोनदा बोटात घुसली. बिल्ले तिनं शेगडीत घातले. एक उजवा तेवढा ठेवून घेतला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शरद ऋतूत तुकडी निघून गेली. अकरा जण परत आले. त्यांत कॅप्टन नव्हता.

त्र्याऐंशी साली एडिंबरोच्या एका संग्रहालयानं छापामार तुकड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि लोकांकडे वस्तू मागितल्या. एकोणसत्तर वर्षांची इशबेल बिल्ला घेऊन बसनं गेली. तिथल्या पेनफोल्ड नावाच्या जाणकारानं तो भिंगाखाली धरला. कॅप्टनच्या घरून त्याचा एक कोट त्यांच्याकडे आला होता, त्याच्या डाव्या खांद्यावरचा बिल्ला उसवायचा राहून गेलेला. अस्सल बिल्ला तो. पक्षी डावीकडे बघणारा, दोरा काळा; हिचा उजवीकडे बघणारा, दोरा निळा. बाजारात नकला फार आल्यात, असं पेनफोल्डनं सौम्यपणे सांगितलं.

तिनं सगळी हकिकत सांगितली. त्यानं मान डोलावली आणि पुराव्याचा कागद मागितला. कागद कुठून असणार? तिनं पिशवीतून सुई काढली, कापडाचा तुकडा मागितला आणि खिडकीशी बसून दोन तासांत पक्षी भरला. पेनफोल्डनं दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. टाक्याला टाका जुळत होता.

"हाच तर मुद्दा आहे, बाई," तो म्हणाला. "तुम्हाला इतकं हुबेहूब जमतं. मग हाही तुम्ही मागाहून केला नसेल कशावरून?"

'नंतरची प्रतिकृती' अशी चिठ्ठी लावून तो ठेवून घ्यायला तयार होता. देणगीच्या कागदावर तिनं सही केली नाही. दोन्ही पक्षी पिशवीत टाकून ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती डूगल्ड रेनीच्या दारात. त्या अकरा जणांपैकी गावात उरलेला हा एकटाच; फेरीबोटीवरून निवृत्त झालेला. चाळीस वर्षं दोघं रस्त्यात भेटत, पाऊसपाण्याबद्दल बोलत, याबद्दल कधीच नाही. तिनं त्याच्याकडे साक्षीचं पत्र मागितलं. तो नाही म्हणाला. गुप्ततेच्या कागदावर आपण सही केली होती, आणि लिहूनही त्या माणसाला पटायचं नाही.

"चाळीस वर्षं गप्प राहून काय राखलंस रे?" इशबेल भडकली. "तुमची गुप्तता त्या साहेबाच्या काचेच्या कपाटात मांडलीय. खोटी ठरले ती मी."

डूगल्डनं जुना बिल्ला हातात घेतला. त्यावरून अंगठा फिरवला. मग आत जाऊन रविवारचा कोट घेऊन आला.

"उजव्या खांद्यावर लाव," तो म्हणाला. "पत्रबित्र मला जमत नाही."

त्याच्या घरातली सुई बोथट, दोरा तपकिरी. शिव्या घालतच तिनं तो शिवला.

नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, युद्धस्मारकापाशी माजी सैनिकांच्या शाखेचा सेक्रेटरी, चाळिशीचा नीटनेटका गृहस्थ, डूगल्डला बाजूला घेऊन म्हणाला की हे चिन्ह मंजूर चिन्हांच्या यादीत नाही, उतरवलेलं बरं.

"मला काय सांगता?" डूगल्डनं मागोमाग आलेल्या इशबेलकडे बोट केलं. "हिनं केलंय. हिला विचारा."

सेक्रेटरी इशबेलकडे वळला. सिगारेटच्या पाकिटापासून तिनं सुरुवात केली. वारा बोचरा होता, लोक चहाला निघाले होते. ती काळ्या दोऱ्यापर्यंत आली तेव्हा सेक्रेटरीनं घड्याळ पाहिलं. इशबेल थांबली नाही.