पाळीत भरलेलं तणस

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला ठाऊक नाही, बापाला ठाऊक नव्हतं, अन् ज्याला सगळ्यांच्या आधी सांगायला पाहिजे होतं त्याच्या घरी तर मी आजही जाऊन चहा पितो. दोनदा सांगायला निघालो — एकदा पार त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो — अन् बैलाच्या खुराची विचारपूस करून परत आलो. मग तुम्हालाच काऊन सांगतो? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून. यात काही शूरपणा नाही, ते मला समजते.

मला बसून सांगता येणार नाही. येरझाऱ्या घालतो, चालेल ना? अन् आधी तलावाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सौंदडच्या टेसनापासून दीड कोसावर आमचं गाव. वर तलाव, खाली धानाच्या बांध्या — धानाच्या शेताचे तुकडे. तलावाला मातीची लांब पाळ आहे, ती दर उन्हाळ्यात नीट करावी लागते — अन् हे काम मजुरांचं नाही, घरोघरचं. बांबूनं मोजून प्रत्येक घराला पाळीचा एक तुकडा देतात, त्याला वाटा म्हणतात. तलावाच्या सुकल्या पोटातली माती खणायची, टोपलीनं वर न्यायची, पाणी शिंपडून ठोकायची. ज्यानं वाटा भरला त्याला आश्विनात, धान लोंबीवर येते तेव्हा, तलावाचं पाणी. नाही भरला त्याला थेंब नाही. हे सगळं पाणकर पाहतो. तेव्हाचा पाणकर म्हणजे मोठा कडक म्हातारा, हातात काठी, ती प्रत्येक वाट्यात खुपसून पाहणार. सख्ख्या भावाचा वाटा त्यानं दोनदा खोदायला लावला होता.

दशरथ माझा दोस्त. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बाप लहानपणीच गेलेला, घरी माय — तिला मी जनाकाकी म्हणे — अन् धाकटी बहीण सेवंता. देश स्वतंत्र होण्याच्या थोडं आधी तो कामठीला जाऊन पलटणीत भरती झाला. मग काश्मीरची लढाई सुरू झाली अन् त्याला तिकडं जायचा हुकूम आला. जाण्याआधी चार दिवस सुट्टीवर आला होता. टेसनावर सोडायला मीच गेलो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाला, आमच्या घरचा वाटा तू भरशील ना रे? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं!

काय वाईट होतं माझ्या मनात तेव्हा? काहीच नाही, खरं सांगतो. वाईट नंतर शिरलं.

तो गेला अन् गावाला दुसरं नावच सुचेना. दशरथ असा, दशरथ तसा. माझा बाप जेवताना म्हणे, एक तो पहा, देशासाठी गोळ्या खाऊन राहिला, अन् एक आमचा — पोळ्या खाऊन राहिला. सगळे हसत. मीही हसे. सेवंताशी माझं लग्न ठरलेलं, पुढल्या सालच्या फाल्गुनात करायचं होतं. तीसुद्धा विहिरीवर भेटली की दादाचंच बोले. सतरा वर्षांचा होतो मी. जळत होतो नुसता! दोस्त लढाईवर गेला अन् मी इथं बसून त्याच्यावर जळतो आहे — ही लाज होती ती वेगळीच.

पहिल्या उन्हाळ्यात वैशाखात पाळीचं काम निघालं. आमचा वाटा मी आधी भरला, असा ठोकला की पाणकराची काठी आत जाईना. दशरथच्या घरचा राहिला. काकी अन् सेवंता माती वाहायला यायच्या, पण बायांनी वाहून वाहून किती वाहावी? अर्धाही झाला नव्हता. तीन दिवसांचं काम होतं माझ्या एकट्याचं. अन् त्याच रात्री गावची पोरं गोंदियाला निघणार होती — तंबूत सिनेमा लागला होता. मी कधी सिनेमा पाहिला नव्हता.

आता ताकाला जाऊन भांडं कायले लपवू? मी काकीकडे गेलो अन् बैलासाठी तणस मागितलं. तणस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा. काकीनं स्वतः ढिगातून ओढून आठ पेंढ्या दिल्या. सेवंतानं त्या एकेक करून माझ्या डोक्यावर ठेवल्या. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ते सगळं तणस दशरथच्या वाट्यात दाबलं, अन् वरून वीतभर माती टाकून गुळगुळीत ठोकली. तणस पाण्यानं सडते, सडलं की तिथून पाळ झिरपते, अन् झिरपली की फुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही समजते. मला समजत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, पाहू, गोंदियाहून आल्यावर काढून नीट भरू.

संध्याकाळी पाणकर आला. आमच्या वाट्यात काठी खुपसली. शेजारच्याच्या खुपसली. दशरथच्या वाट्याजवळ आला अन् काठी काखेत धरली. म्हणाला, सिपायाच्या वाट्याले काय काठी लावायची! अन् पुढं गेला.

मी गोंदियाला गेलो. सिनेमा पाहिला. फार हसलो, एवढं आठवते. आलो तर पाणकरानं काम पास केलेलं — मग उकरायचं कशाला? अन् उकरताना कोणी पाहिलं तर? राहिलं ते तसंच.

भाद्रपदात सलग तीन दिवस पाऊस झाला अन् चौथ्या दिवशी सकाळी पाळ फुटली. कुठं फुटली ते सांगायला पाहिजे का? सगळं गाव धावलं. पोती, फांद्या, दारांच्या फळ्या, मिळेल ते टाकलं. मी छातीभर पाण्यात सगळ्यांच्या पुढं होतो. लोक म्हणाले, पोरगा जिवावर उदार झाला. जिवावर उदार कशाचा? भीतीनं माझ्या अंगात दहा माणसांचं बळ आलं होतं. दुपारी भगदाड बुजलं, पण तोवर अर्धा तलाव गेला होता, अन् खालच्या सात-आठ घरांच्या बांध्यांत उभ्या धानावर वाळू बसली होती.

तिथंच, चिखलात, पाणकरानं मूठभर काळं सडलेलं तणस वर धरलं. कोणाचं काम हे, म्हणून विचारलं. अन् माझ्याकडे वळला — वाटा तू भरणार होता ना?

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मी म्हटलं, "काकीनं मले हातच लावू देला नाही. मनत होती, आमचा वाटा आमीच भरू."

सगळ्यांनी काकीकडे पाहिलं. तिनं त्या तणसाकडे पाहिलं. स्वतःच्या ढिगातलं, स्वतःच्या हातानं दिलेलं — तिला सांगायला कोण पाहिजे होतं? मग माझ्याकडे पाहिलं. मग बाजूला सेवंता उभी होती तिच्याकडे. अन् पदर सारखा करून म्हणाली, "हो. मीनंच भरला."

का म्हणाली, ते मला त्याच क्षणी समजलं. फाल्गुनात लग्न होतं. तिनं माझं नाव घेतलं असतं तर सोयरीक तिथंच मोडली असती. तिनं मला वाचवलं ते पोरीसाठी, अन् त्या बदल्यात मी पोरीला नीट नांदवायचं — एवढंच तिचं मागणं होतं, तेही न बोलता. मी खाली मान घातली. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला होणाऱ्या सासूची लाज वाटते.

आश्विनात त्यांचं पाणी तोडलं. लोंबीवर आलेलं धान उभ्या उभ्या वाळलं. सेवंता विहिरीच्या घागरी आणून बांधीत ओतत होती. घागरीनं कुठं धान जगते का? मी आमच्या बांधीत घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून पाहत होतो.

दिवाळी झाली अन् माझ्या बापानं लग्न मोडलं. पाळ फोडणाऱ्या घरची पोरगी आणून गावात तोंड कसं दाखवू, म्हणाला. मी समोर जेवत होतो. एक शब्द — एक शब्द पुरे होता. मी भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशी काकी आमच्या अंगणात आली. बापाशी हात जोडून बोलली. तेव्हाही तिनं माझं नाव घेतलं नाही. घेऊन तरी काय? गावासमोर स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं, आता कोण ऐकणार होतं! तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, अन् मी बैल बांधायला गोठ्यात गेलो. पुढच्याच उन्हाळ्यात सेवंताला बालाघाटकडच्या एका बिजवराला दिली. त्याला आधीची दोन लेकरं होती. ती पुन्हा माहेरी आली नाही.

त्यानंतर दशरथ आला. बर्फानं दोन्ही पायांची बोटं गेलेली. लोकांनी त्याला टेसनावरच सगळं सांगितलं. घरी पोचला, पाय धुतले नाहीत, अन् मायवर धावून गेला. मी तिथंच होतो, त्याची पेटी घेऊन. "मी तिकडं बर्फात पडून होतो, अन् तू इकडं माह्या नावानं तणस भरून राहिली होती?" काकी चुलीपाशी बसली होती. मला वाटलं, आता सांगते. आता तर तिचं काहीच राहिलं नव्हतं जायचं. पण ती चुलीत लाकूड सारत राहिली. का? हे मात्र मला आजवर समजलं नाही. बोटं नसलेल्या पोराला चिखलात नांगर धरता येणार नाही, गावात त्याला एक तरी दोस्त राहावा, असं वाटलं असेल का तिला? मी तिला विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारू?

नांगर मी धरला. त्याच्या बांध्या मी नांगरल्या, रोवणी मी करवली, पाळीचा वाटा दर साली मी भरला, अन् असा भरला की विचारू नका. गावात लोक म्हणतात, दोस्त असावा तर असा. ते ऐकून घेतो मी.

दशरथनं त्या दिवसापासून तिला माय म्हणून हाक मारली नाही. ओसरीवर जेवायचा. पुढं त्याचं लग्न झालं; काही पाहिजे असलं तर बायकोला सांगायचा, ती आत जाऊन सासूला सांगायची. दहा वर्षं. मी जायचो तेव्हा काकी मला चहा द्यायची, कधी गूळ जास्त घालून. बाप्पा, तो चहा गिळायचा कसा!

दोन सालं झाली, काकी खोकल्यानं गेली. मी खांदा दिला. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं तलावावर आंघोळीला थांबलो. लोक पुढं निघून गेले होते. दशरथ धोतर पिळत होता, पिळता पिळता थांबला.

"आता गेली ते गेली," म्हणाला. "पण माह्या मनातलं जातच नाही. तू सांग, तुले सगळं ठाऊक आहे. माफ करू का तिले?"

तिथं तिसरं कोणी नव्हतं. त्यानं मलाच विचारलं, अन् माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

मी म्हटलं, "करून टाक माफ. म्हातारं माणूस होतं."

त्यानं मान हलवली, अन् डोळे पुसले. ओल्या घाटावर त्याला बोटांवाचून चालता येत नाही, म्हणून मी त्याचा हात धरला, अन् आम्ही घरी आलो.