तोंडं उघडी, आवाज नको

शिक्षकानं तासाला कमीत कमी बोलावं, पोरांना बोलू द्यावं, हे आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना पटवून द्यायला कोल्हापुरात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तज्ज्ञ सकाळी दहाला बोलायला लागले ते संध्याकाळी पाचला थांबले. मधे एकानं हात वर केला, तर म्हणाले, "शंका शेवटी." शेवटी चहा आला.

शाळेत परतलो तर फतवा हजर. दर शनिवारी इंग्रजीच्या तासाचा एक फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा. मुलं गोलात बसलेली, प्रत्येक जण बोलतोय, चेहऱ्यावर आनंद. आमच्या वर्गातली बाकं जमिनीत पक्की केलेली, त्यामुळे आनंदाची सोय मैदानात लिंबाच्या झाडाखाली केली. नववीची साठ पोरं एकदम बोलली असती तर मैदानालगतच्या वर्गातला गणिताचा तास उधळला असता, आणि गणिताचे सर पडले हेडसरांचे साडू. म्हणून मी तोडगा काढला. तोंडं उघडी ठेवायची, हात हलवायचे, आवाज काढायचा नाही. पोरं बिलंदर, दोन शनिवारांत तयार झाली.

हेडसर खूश. "आता कसं! बोलत्यात असं दिसलं की झालं. ऐकायला कोण येतंय?" ग्रुपवर शाबासकीचे अंगठे धडाधड पडले. मी बायकोलाही दाखवले. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा छाती फुगली होती.

या साठांतली एक मुलगी मात्र माझ्या जिवाला लागली होती. हुपरीहून बसनं यायची, घरी पैंजणांचं काम. वही सुरेख, लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत. पण इंग्रजीत काही विचारलं की मान खाली. गाईडातलं नसलेलं, तिचं स्वतःचं एक तरी वाक्य तिच्या तोंडून ऐकायचं, असं मी जूनमध्येच मनाशी ठरवलं होतं. गोष्टी सांगितल्या, चित्रं दाखवली, शेवटी विनवण्या केल्या. ती नुसती हसायची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी फोटोचा विषय होता 'माझं घर'. मी मोबाईल आडवा धरून मागं मागं सरकत होतो. तेवढ्यात गोलातून बारीक आवाज आला.

"माय मदर मेक्स पैंजण. बट शी नेव्हर वेअर्स."

तीच ती. आई पैंजण घडवते पण स्वतः कधी घालत नाही, हे शेजारणीला अगदी सहज सांगत होती. इंग्रजीत.

"ए, आवाज कुणाचा?" मी मोबाईलवरची नजर न काढताच ओरडलो. "किती वेळा सांगायचं? नुसती तोंडं हलवा की!"

ती लगेच नुसतं तोंड हलवायला लागली. बाकीची पोरं खुदकन हसली. ते हसू फोटोत इतकं झकास आलं, की त्या आठवड्याला तालुक्यात आमचा फोटो पहिला ठरला.

आपण काय करून बसलो ते मला घरी जेवताना उमगलं. स्वतःचा एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. सोमवारी मधल्या सुट्टीत मोबाईल स्टाफरूममध्येच ठेवला आणि तिच्या बाकाशी गेलो.

"परवाचं तुझं वाक्य फार छान होतं. मला परत एकदा सांगशील?"

ती उठून उभी राहिली. केस सारखे केले, चेहरा हसरा केला आणि विचारलं, "फोटो काडायचाय व्हय, सर?"