मूळ कंपनी कुठली?

अन्याय झाला माझ्या आत्यावर. कधी, तेही सांगते: या मार्चमधल्या संकष्टीला, संध्याकाळी, चंद्र उगवायची वाट बघत ती कॅनडात, मिसिसागातल्या आपल्या स्वयंपाकघरात मोदकाचं सारण परतत होती तेव्हा. आदल्या दिवशी तिने एका ऑनलाइन कसिनोला स्वतः लिहून कळवलं होतं, की मला बंद करा, कायमचं. ‘केलं’, असं उत्तरही आलं होतं. आणि आता, तिचा उपास सुटायच्या आत, दुसऱ्याच एका कसिनोने तिला पहिल्या नावाने हाक मारून फुकट नाणी पाठवली होती. तुझी आठवण येते, असं वर लिहिलं होतं.

‘‘अगं, वर ये जरा,’’ आत्याने जिन्यातून हाक मारली. मी तिच्या बेसमेंटमध्ये राहते. ‘‘ही कोण बाई आता? मी हिच्याकडे कधी गेलेच नाही.’’

सारण खाली लागत होतं. मी गॅस बंद केला आणि फोन हातात घेतला.

मी शेजारच्या एटोबिकोत भाडेकरूंच्या एका संघटनेत काम करते. लिफ्ट बंद, हीटर बंद, झुरळं, नोटिसा. पत्रकाच्या एका पानात राग कसा बसवायचा ते मला तिथे शिकवलं: अन्याय कुणावर, कधी, कुणी केला, आणि शेवटी मागणी. तिसऱ्या प्रश्नाला मी आजवर कधी अडले नव्हते. घरमालक असतोच. त्याला ऑफिस असतं, ऑफिसला दार असतं, दारासमोर फुटपाथ असतो आणि फुटपाथवर उभं राहायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या साइट स्वतःला कसिनो म्हणत नाहीत. स्वीपस्टेक्स म्हणतात, म्हणजे बक्षिसाची स्पर्धा. चक्र फिरतं, फळं फिरतात, घंटा वाजतात, सगळं कसिनोसारखंच. पण नाणी दोन प्रकारची. पहिली नुसती खेळायची, त्यांची किंमत शून्य. ती तुम्ही विकत घ्यायची. दुसरी नाणी त्यांच्याबरोबर ‘भेट’ म्हणून येतात आणि जिंकलात तर त्यांचेच पैसे होतात. म्हणजे तुम्ही विकत घेतलं ते निरुपयोगी आणि ज्याच्यासाठी घेतलं ते फुकट. म्हणून हा जुगार नाही. कळलं? मलाही नाही कळलं. वकिलांना कळतं, तेवढं त्यांना पुरतं.

शिवाय कॅनडात बक्षीस हातात पडायच्या आधी एक गणित सोडवावं लागतं. नुसत्या नशिबावर बक्षीस द्यायचं नाही असा कायदा, म्हणून हे कौशल्य. बेरीज, गुणाकार, वजाबाकी. माझी आत्या लग्नाआधी सांगलीत शाळेत गणित शिकवायची. इथे आल्यावर तिची डिग्री कुणी विचारली नाही. तिने आयुष्य एका बँकेच्या मागच्या खोलीत चेक तपासण्यात काढलं. इतक्या वर्षांनी या देशात तिला कुणीतरी गणित घातलं होतं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा ती मोठ्याने हसली होती.

‘‘अहो, बघा तरी! आधी गुणाकार करायचा की बेरीज, हेच विचारलंय. तिसरीतलं पोर सांगेल.’’

‘‘मग हा जुगार कसा?’’ काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले. ‘‘परीक्षा आहे ही. परीक्षेला फी असते.’’

काका म्हणजे आत्याचे यजमान. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून आले, पूल बांधले, निवृत्त झाले. त्यांच्या परवानगीशिवाय घरात टोस्टरही येत नाही. परवानगी म्हणजे चौकशी, आणि चौकशी एकच: मूळ कंपनी कुठली? इथल्या मराठी मंडळात नवीन जोडपं आलं की आपली माणसं कोटसुद्धा काढू देत नाहीत, आधी मूळ गाव विचारतात, आणि गाव कळलं की माणूस कळला असं धरून चालतात. काका फ्रीजलाही तसंच विचारतात. वरचं नाव काही का असेना, मागे कोण आहे?

आत्याला हा खेळ मंडळातल्याच एका मैत्रिणीने दाखवला. तिच्या फोनवर एक साइट होती, मैत्रिणीच्या सुनेच्या फोनवर दुसरी. काकांनी दोन्ही साइट उघडल्या, अगदी तळाशी गेले, बारीक अक्षरं भिंगाने वाचली आणि जेवणाच्या टेबलावर निकाल दिला. पहिलीची मूळ कंपनी कुठल्यातरी बेटावर नोंदलेली, ना चेहरा, ना फोन. दुसरीची मोठी. तिचा वार्षिक अहवाल होता, टाय लावलेल्या संचालकांचे फोटो होते, आणि ‘जबाबदारीने खेळा’ असं एक आख्खं पान होतं.

‘‘हे घराणं बरं आहे,’’ काका म्हणाले. ‘‘इथे खेळ. त्या बेटवाल्यांकडे फिरकू नकोस.’’

‘‘मुलगी द्यायचीय का तिथे?’’ आत्या म्हणाली.

त्या विंटरमध्ये ती बऱ्या घराण्यात खेळली. आधी दुपारी, काका झोपले की. मग कुकर होईपर्यंत. मग कुकर झाल्यावरही. मी वर चहाला गेले की ती फोन पालथा ठेवायची. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्या फोनबद्दल विचारणारी मी कोण?

मग फेब्रुवारीत नातीची स्केटिंगची परीक्षा झाली. नात आठ वर्षांची. तिला उलटं फिरून एका पायावर थांबायचं होतं आणि त्यासाठी ती महिनाभर आजीच्या किचनमध्ये मोज्यांवर घसरत प्रॅक्टिस करत होती. रिंकवर तिला ते जमलं. तिने थेट आजीकडे बघितलं. आजी मांडीवर बघत होती.

गाडीत नात रडली नाही. बेल्ट लावून खिडकीबाहेर बघत ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, ‘‘आजी, यू वेअरन्ट लुकिंग.’’

‘‘बघत होते ना गं राणी.’’

‘‘नो. यू वेअरन्ट.’’

त्यानंतर काही आठवडे आत्याने स्वतःशी झुंज दिली. फोन पिठाच्या डब्यात ठेवून पाहिला, काकांच्या कपाटात ठेवून पाहिला. आणि मग संकष्टीच्या आदल्या दिवशी मला शेजारी बसवून तिने ती विनंती लिहिली. तिला पैसे परत नको होते, माफी नको होती. तिला फक्त दार बाहेरून लावून हवं होतं, कारण आतून लावलेलं ती उघडत होती. एवढंच मागणं होतं तिचं. मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही पत्रकातली मागणी इतकी लहान नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी ती फुकट नाणी.

मी त्या नवीन साइटच्या तळाशी गेले. बेटावरची कंपनी. काकांनी नाकारलेली, तीच. पण तिच्या अटींच्या पानात, खूप खाली, एक वाक्य होतं की आम्ही अमुक समूहाचा भाग आहोत. आणि तो समूह म्हणजे वार्षिक अहवालवाले, टायवाले, जबाबदारीने खेळावाले. काकांनी दोन घराणी समोरासमोर ठेवून तोलली होती आणि घराणं एकच होतं.

काकांना दाखवलं. त्यांनी भिंग आणलं. मग मंडळाच्या कॅलेंडरचं गेलेल्या महिन्याचं पान फाडून त्याच्या मागे ते आकृती काढायला लागले: ही हिची, ती तिची, वर ही, त्याच्यावर आणखी एक, तिचा पत्ता तिसऱ्याच देशात. पुलाचा नकाशा काढावा तसं सरळ रेषांत. सगळ्यात वरच्या चौकोनात लिहायला नाव सापडेना. तो चौकोन त्यांनी रिकामा ठेवला आणि चष्मा काढून ठेवला.

‘‘मी बघितलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘मी नीट बघितलं होतं गं.’’

आत्या ओट्याशी होती. तिने वळून पाहिलं नाही. ‘‘बघितलं होतं हो तुम्ही. जेवायला बसा.’’

दुसऱ्या दिवशी मी आत्या खेळायची त्या साइटच्या चॅटवर गेले. तिकडून एक अतिशय गोड माणूस, किंवा गोड मशीन, म्हणालं की तुमच्या आत्यांचं अकाउंट आमच्याकडे बंदच आहे, काळजी नसावी. मी विचारलं, मग तुमच्या त्या बहीण-साइटकडे तिचं नाव गेलं कसं? तो म्हणाला, तो वेगळा ब्रँड आहे. मी म्हटलं, मूळ कंपनी एकच आहे. तो म्हणाला, मला तुमची निराशा समजते. मी म्हटलं, मग तिथेही बंद करा. तो म्हणाला, त्यासाठी त्यांनी तिथे लॉगिन करून सेटिंग्जमधून विनंती करावी.

मी हे मोठ्याने वाचलं. आत्या भेंडी चिरत होती.

‘‘म्हणजे बाहेर राहायला आधी आत जायचं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तिची आणखी एक बहीण निघाली तर?’’

‘‘तिथेही आत जायचं.’’

आत्या हसली. हसण्यासारखंच होतं.

सरकारी हेल्पलाइनवरची बाई माझ्याशी चांगलं बोलली. लायसन्स असलेल्या साइटवर स्वतःला बंद करून घ्यायची सोय आहे म्हणाली. ही साइट लायसन्सवाली नाही. कारण ही कसिनो नाही, स्पर्धा आहे. स्पर्धेतून स्वतःला बंद करून घ्यायची सोय तिच्याकडे नव्हती. तिने मला दुसरा नंबर दिला. त्या नंबरने मला पहिला नंबर दिला.

एकच पत्ता सापडला कॅनडातला. नाणी विकत न घेताही टपालाने फुकट मागता आली पाहिजेत, तरच ती कायद्याने स्पर्धा. म्हणून कुठेतरी टपाल घ्यावंच लागतं. पत्ता होता एटोबिकोचा, माझ्या ऑफिसपासून बसने जाण्याइतका. मला सांगायला लाज नाही वाटत, मी खूश झाले. दार सापडलं! मी एक पान लिहिलं, प्रिंट काढले, आणि स्लशमधून, अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलातून, बूट ओढत गेले.

ड्रायक्लीनर आणि समोशाचं दुकान यांच्यामध्ये एक काचेचं दार. आत भिंतभर टपालाचे छोटे लोखंडी कप्पे, भाड्याने दिलेले. काउंटरवर एक वयस्क पंजाबी गृहस्थ, मफलर गुंडाळून. मी पान पुढे केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. आजवर माझं पत्रक इतकं शांतपणे कुणी वाचलं नसेल.

‘‘बेटा, यहाँ कोई कंपनी नहीं है। यहाँ सिर्फ डिब्बा है।’’

‘‘डिब्बा कौन खोलता है?’’

‘‘कोई नहीं आता। मैं थैली में भरके आगे भेज देता हूँ।’’ मग पत्रकातल्या साइटच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. ‘‘आपकी बुआ ये वाली खेलती हैं? इससे तो वो लाल वाली अच्छी है। जल्दी देती है।’’

लाल वाली म्हणजे तिसरी बहीण. काकांच्या आकृतीत ती डावीकडून तिसऱ्या चौकोनात होती.

ते माझे घरमालक नव्हते. ते डब्याचे मालकही नव्हते. मी उरलेली पत्रकं बॅगेत घातली. त्यांनी मला चहा विचारला आणि मी प्याले, कारण बाहेर मायनस होतं आणि माझ्याकडे पुढचं पाऊल नव्हतं.

घरी आले तर काका सोफ्यावर झोपलेले आणि स्वयंपाकघरातून घंटा वाजत होत्या. आत्या टेबलाशी बसली होती. तिने चॅटवाल्याने सांगितलं तसंच केलं होतं. नवीन साइटवर अकाउंट उघडलं, लॉगिन केलं, सेटिंग्ज शोधल्या. पण दार उघडलं की आधी ती फुकट नाणी समोर येतात आणि चक्र आपोआप एकदा फिरून दाखवतं. दुपारचं जेवण ताटात तसंच होतं. भातावर वरण थिजलं होतं.

‘‘बंद करायलाच गेले होते गं,’’ ती म्हणाली. तिची नजर स्क्रीनवरून हलली नव्हती. ‘‘खरंच. बंद करायलाच.’’

मी फोन घेतला. तिने दिला. त्या साइटवरही विनंती केली, आणि ‘केलं’ असं उत्तर आलं. दोन दिवसांनी लालवालीचा निरोप आला. फोन बदलला, ईमेल बदलला; मग नवीन ईमेलवर आला. कसा, ते मला माहीत नाही. काका हल्ली टेबलावर काहीच निकाल देत नाहीत. नातीची पुढची परीक्षा मेमध्ये आहे आणि आत्या म्हणते, मी येणार नाही, न बघण्यापेक्षा न आलेलं बरं.

मंडळाच्या कार्यक्रमात हे पत्रक वाटू का, मी विचारलं. तिचा चेहरा उतरला. तिथे तिला सगळे ओळखतात. मग म्हणाली, ‘‘लिही. पण नाव नको घालूस. कधी झालं ते घाल.’’ म्हणून घातलं.

आता मागणी. यातला गुन्हेगार कुठे राहतो ते मला सांगता येत नाही. त्याच्या दाराशी तुम्हाला नेता येत नाही. पण तुमच्या प्रांतिक आमदाराचं ऑफिस तुमच्या घराजवळच्याच प्लाझात आहे, दात साफ करणाऱ्यांच्या शेजारी, आणि तिथे फोन उचलणारा खरा माणूस असतो. त्याला आज फोन करा. पुढच्या आठवड्यात नाही, टॅक्सचं काम झाल्यावर नाही. इंग्रजी अडखळलं तरी चालेल. एकच विचारा: एखादीने एका साइटवर स्वतःला बंद करून घेतलं, तर ती बंदी त्या मूळ कंपनीच्या प्रत्येक साइटला लागू का नाही? तो म्हणेल, कळवतो. तुम्ही म्हणा, मी लाइनवर थांबते. आणि थांबा.