श्री नसलेली चिठ्ठी

पद्माकरराव दिल्लीतल्या महाराष्ट्र सरकारच्या एका विश्रामगृहाच्या काउंटरमागे तीस वर्षं बसले, आणि त्या तीस वर्षांत 'खोली नाही' असं त्यांनी कुणालाही तोंडावर सांगितलं नाही. ते म्हणायचे, "बघतो हं काहीतरी. तोवर चहा घ्या." चहा येई तो गोड आणि भरपूर. कप रिकामा होईस्तोवर समोरच्या माणसाला आपलं आपणच कळायचं, आणि तो उठायच्या आत पद्माकररावांची चिठ्ठी तयार असायची.

"पत्रवाहक आपलेच आहेत. सोय करावी."

चिठ्ठी जायची जामा मशिदीच्या मागच्या गल्लीत, नफीस मियाँच्या गुलशन लॉजवर. नफीस मियाँना मराठी येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. ते फक्त चिठ्ठीचा माथा बघत. माथ्यावर 'श्री' असला की मिनारांच्या बाजूची खिडकीवाली खोली. नसला, तर अकरा नंबर. अकरा नंबरच्या खाली रोटीवाल्याचा तंदूर.

श्री कुणाला द्यायचा याचंही शास्त्र होतं. मंत्र्यांच्या पीएचा फोन आला, तर माणूस विश्रामगृहातच राहायचा, चिठ्ठीचा प्रश्नच नाही. आमदाराचं खऱ्या शाईतलं पत्र असलं, तर श्री. पत्राची झेरॉक्स असली, तर नुसतीच चिठ्ठी. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. खुर्चीत बसलं की ती अंगात येते.

"हॉटेल कसं आहे हो साहेब?" असं कुणी विचारलं, की पद्माकरराव हसून सांगत, "अगदी घरच्यासारखं." स्वतः ते त्या लॉजचा जिना एकदाही चढले नव्हते. ईदला काउंटरपाशी उभ्याउभ्या शीरखुर्मा खायचा आणि परत यायचं.

"तुम्ही राहिलायत का तिथे कधी?" त्यांच्या पत्नी विनयाबाई विचारायच्या.

"अगं, तीस वर्षांत एक तक्रार नाही!"

तक्रार येणार कशी? माणसं गाडीत बसून महाराष्ट्रात निघून जायची.

रिटायर झाल्यावर त्यांनी गुरुग्रामला फ्लॅट घेतला आणि सोसायटीच्या कमिटीवर जाऊन पार्किंगच्या जागा वाटू लागले. सगळं मजेत चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्या लेकीनं, अश्लेषानं, ऑफिसातला सुधन्वा पसंत केल्याचं जाहीर केलं. मुलगा कराडकडचा. त्याचे आईवडील बघाबघीला दिल्लीला यायचे होते.

"बाबा, प्लीज यार," अश्लेषा म्हणाली, "त्यांच्यासमोर तुमचं ऑफिस नका सुरू करू. त्याचे पप्पा एकदम शांत आहेत. पण आई जे म्हणेल ते फायनल. तिनं नाही म्हटलं ना, तर सुधन्वा पुढे जाणार नाही. बिल्कुल नाही. मी त्याला ओळखते."

पद्माकररावांनी आपल्या जुन्या विश्रामगृहात फोन लावला. त्यांच्या खुर्चीवर आता एक नवा मुलगा होता. "काका, आता सगळं पोर्टलवर असतं," तो म्हणाला, आणि त्यानं चहाचंसुद्धा विचारलं नाही.

मग त्यांनी सुधन्वाच्या आईला, कुमुदबाईंना फोन केला. "आमच्याकडेच उतरा की."

"न्हाई बगा. सोयरीक ठरली न्हाई तवर पोरीच्या घरात पथारी टाकायची, बरं दिसत न्हाई."

"मग आमच्या नेहमीच्या हॉटेलात करतो सोय. जामा मशिदीजवळ. लाल किल्ला पायी जाण्यासारखा."

"कसं हाय हाटील?"

जिभेचं वळण ते. "अगदी घरच्यासारखं!"

"मग तुमी बी या की तितं! च्यार दिस एका छपराखाली काडलं की माणसं कळत्यात. मग मी काय ते सांगते."

विनयाबाईंनी त्या दिवशी भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

मे महिना. गुलशन लॉजचं आता 'होटल गुलशन पॅलेस' झालं होतं. पॅलेसच्या लिफ्टवर 'लिफ्ट ख़राब है' अशी पाटी होती, आणि ती पाटीच इतकी जुनी की अक्षरं पुसट झाली होती. पद्माकरराव, विनयाबाई आणि अश्लेषा काउंटरपाशी वाट बघत होते. दाराशी रिक्षा थांबली. सुधन्वाच्या वडिलांनी, नरसिंहरावांनी, दोन्ही बॅगा उचलल्या. कुमुदबाई उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी जिना पाहिला, भिंत पाहिली, आणि नाकानं एक खोल श्वास घेतला.

"अवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ही तीच जागा न्हवं?"

काउंटरमागून नफीस मियाँनी चष्मा वर केला. "भाभी? पिठलेवाली भाभी? अरे, अम्मी आज तक पूछती हैं! छत पर स्टोव जलाकर क्या पिठला खिलाया था आपने!"

पद्माकरराव हरखले. "अरे वा! म्हणजे तुम्ही आधी येऊन गेलायत?"

"आलो व्हतो. सुधन्वा नऊ वर्साचा व्हता. सुट्टीत त्याला दिल्ली दावाया. एका साहेबानं चिठ्ठी दिली व्हती."

"एक साहब क्या, यही तो हैं!" नफीस मियाँनी अभिमानानं पद्माकररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "सब मराठी भाई इन्हीं की चिट्ठी लाते थे। बस आपकी चिट्ठी पर श्री नहीं था, तो मैं क्या करता? ग्यारह नंबर देना पड़ा।"

"श्री न्हवता म्हंजी?"

आता मित्राची हुशारी वर्णन करायची संधी कोण सोडेल? नफीस मियाँनी सगळं शास्त्र सांगितलं. मिनार, खिडकी, शाई, झेरॉक्स, तंदूर. काहीही गाळलं नाही. पद्माकरराव खांद्यावरच्या त्या हाताखाली इंचाइंचानं बुटके होत गेले.

"नियमच होता तसा..." ते पुटपुटले.

"आमचं पत्र झेरॉक्स व्हतं, खरं हाय," कुमुदबाई म्हणाल्या. "असल पत्र घरी देवापाशी ठिवलं व्हतं. आमदाराच्या हातची सही. परवासात हरवली म्हंजी?"

अश्लेषानं डोळे मिटून घेतले.

"साहेब, खोलीचा राग न्हाई. उकाडा आमच्याकडं बी हाय. तिसऱ्या दिशी ह्या भाईंनीच आमाला गच्चीवर खाटा दिल्या. पर तुमी हासून च्या पाजला, 'घरच्यावानी' म्हनला. आमी गावात सांगत फिरलो, दिल्लीत एक साहेब हाय, लई भला मानूस. वर्सभर सांगितलं. आन् तुमी आमाला कागद बघून तोलत व्हता." त्यांनी अश्लेषाकडे नजर वळवली. "ही तुमची लेक. हासत हासत कुणाला श्री द्यायचा आन् कुणाला न्हाई, हे हिला बी येत असंल. माझ्या घरात मला तेच नगं हाय."

"काकू, मी तशी..." अश्लेषा म्हणाली.

पद्माकररावांना अजून एक युक्ती सुचत होती. चहा मागवावा. त्यांनी हातही वर केला होता. पण लेकीचा चेहरा पाहून तो हात तसाच किल्ल्यांच्या फळीकडे गेला आणि अकरा नंबरची किल्ली काढून आला.

"चार रात्री ना? ही मी घेतो."

"मी नाही येणार हं," विनयाबाई लगेच म्हणाल्या. "चिठ्ठ्या काही मी लिहिल्या नव्हत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पद्माकरराव जिना उतरून आले ते भिंतीला धरून. सदरा पाठीला चिकटलेला, एका गालावर उशीच्या घड्या. खाली सगळे बसले होते.

"कसं काय साहेब?" कुमुदबाईंनी विचारलं. "झोप लागली?"

पद्माकररावांचं तोंड सवयीनं हसायला उघडलं. मग ते खुर्चीत बसले.

"भयंकर आहे हो," ते म्हणाले. "रात्री बारापर्यंत तंदूर चालतो, पहाटे चारला परत पेटतो. आधी फरशी तापते, मग भिंत, मग पलंग. पलंग मधे ओढला तर पंख्याचं वारं लागत नाही. खिडकी उघडली तर धूर. मी रात्रभर बादलीत पाय घालून बसलो होतो. नऊ वर्षांचं पोर होतं तुमच्याबरोबर. मी ते बघितलंही नाही. मी कागद बघितला. चुकलं माझं."

काउंटरमागच्या तीस वर्षांत हे वाक्य त्यांना कधी लागलं नव्हतं. ते बोलताना जीभ जरा अडखळली.

नरसिंहराव कालपासून गप्प होते. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि बायकोला म्हणाले, "कुमुद, ह्यो गडी एक रात जागला तर येवढं खरं बोलला. पोरगी तर काल रातीपासनं रडतीया. आता किती तानायचं?"

कुमुदबाई अश्लेषाकडे वळल्या. "पिठलं येतं का गं?"

"नाही काकू. मॅगी येते."

"खरं तरी बोलली," कुमुदबाई म्हणाल्या, आणि वळून आपल्या हिंदीत विचारलं, "भाईसाब, सुपारी हय क्या?"

जुन्या दिल्लीत सुपारीला काय तोटा? आतून नफीस मियाँची नव्वदीची अम्मी चांदीचं पानदान घेऊन आली. हॉटेलाच्या काउंटरवर, आधार कार्डांच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याशेजारी रुमाल अंथरला, त्यावर अख्खी सुपारी ठेवली, आणि अम्मीच्या अडकित्त्यानं नरसिंहरावांनी ती फोडली. सोयरीक पक्की झाली. अम्मीनं काय चाललंय ते न विचारताच सगळ्यांना दुवा दिली. सुधन्वा तेवढा ऑफिसात मीटिंगमध्ये होता. त्याचं लग्न ठरल्याचं त्याला दुपारी कळलं.

पद्माकररावांनी मोठा श्वास सोडला आणि अंग सैलावून उठले. "चला! मग मी आता सामान हिच्या आठ नंबरात हलवतो."

"का?" कुमुदबाई सुपारीचं खांड चघळत म्हणाल्या. "आजून तीन राती ऱ्हायल्यात की, व्याहीबुवा."

पद्माकररावांनी आशेनं विनयाबाईंकडे पाहिलं. विनयाबाईंनी काउंटरवरची किल्ली उचलली आणि त्यांच्या हातावर ठेवली.