मामांचा झ

माझे मामा छापखान्यात लाकडी अक्षरं कोरायचे. बारीक मजकुराला शिशाचे खिळे, म्हणजे सुटी ओतीव अक्षरं, चालतात, पण हातभर उंचीचं अक्षर शिशाचं केलं तर उचलणार कोण? म्हणून पोस्टरला लाकूड.

त्यांची अक्षरं जाड, आणि त्यांना पाय होते. आपली अक्षरं कशी, डोक्यावरच्या रेघेला लटकलेली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. मामांना ते खपायचं नाही. "लटकलेल्याचं ऐकतं कोण? पाय रोवून उभं राहावं, मग लोक थांबतात." त्यांनी प्रत्येक कान्याच्या तळाशी चौकोनी, ठोकळ्यासारखं पाऊल दिलं, वरच्या रेघेइतकंच जाड. नाजूक रेघ औषधालाही ठेवली नाही. छापखान्यात मजकूर जुळवणारे जुळारी त्या अक्षरांना 'बूटवाली' म्हणायचे आणि मामांना 'बूटवाले'. मामा चिडायचे, पण आतून खूश असायचे, मला ठाऊक आहे ना!

लिलाव, सर्कस, कुस्ती, रस्ता बंद, काच आहे जपून, सगळीकडे तीच अक्षरं. गल्लीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचं वाचून घ्या. निवडणुकीला उभा राहिलेला प्रत्येक जण बूटवाल्यांतच नाव मागायचा. पडायचा तो पडायचाच, तो भाग वेगळा.

फक्त झ नव्हता. झची शेपटी आणि कान्याचं पाऊल नेमके एकाच जागी येतात. दोन्ही जाड केले की मधे शाईचा गोळा साचतो आणि अक्षराचा चिखल होतो. मग मामा गिऱ्हाइकाला गुंडाळायचे. 'सुरू झाले' कशाला, 'सुरू' पुरे. पोस्टरला झ लागतोच किती? तिथे सगळं 'आपलं' आणि 'सर्वांचं' असतं, माझं-तुझं कोणी भिंतीवर लावत नाही.

मामी मात्र टोमणा मारायची. "अहो, त्या सर्कशीतल्या हत्तीचं नाव दाराएवढं छापता. माझ्यासाठी एक शब्द छापा की. नाव नको, नुसतं 'माझी' छापा."

"झ नाही आमच्याकडे," मामा म्हणायचे.

हा त्यांच्या घरातला कायमचा विनोद. भाजीत मीठ कमी पडलं तरी मामी म्हणणार, "मीठ नाही आमच्याकडे." मी शेजारच्याच घरात राहायची. भिंतीपलीकडून दोघांचं हसू ऐकू यायचं आणि मी इकडे एकटीच हसायची.

मग मामीचे डोळे गेले. एकदम नाही. आधी वर्तमानपत्र गेलं, मग घड्याळ, मग समोरच्या माणसाचं तोंड. डॉक्टर म्हणाले, मोठं आणि काळंभोर असेल तेवढं काही महिने दिसेल, मग तेही नाही. घरी येताना मामी कोपऱ्यावरच्या पोस्टरपाशी थांबली. "हे दिसतंय हो मला. तुमचंच ना?"

त्या दिवसापासून मामांनी झ कोरायला घेतला. त्यांनी काही सांगितलं नाही, पण मला कळलं. तिला दिसतंय तोवर तो शब्द छापायचा होता. एक झ शाईने भरला, दुसरा भरला, तिसऱ्याची शेपटी तुटली. मी म्हटलं, "मामा, साध्या अक्षरात छापा ना, तिला काय कळतंय!" असे खेकसले माझ्यावर! "तिला सगळं कळतं. गावाला चांगलं दिलं, तिला काय उरलंसुरलं देऊ?"

शेवटी त्यांना सुचलं. त्यांनी झचं डावीकडचं अर्धं पाऊल कापून टाकलं आणि शेपटीला जागा दिली. अक्षर स्वच्छ उमटलं. 'माझी' छापून, ओला कागद दोन हातांत धरून ते घरी आले. मामीने कागद डोळ्यांना लावला, खिडकीकडे नेला, परत आणला. "अहो, पांढरंच दिसतंय सगळं," ती म्हणाली.

मामा ओट्यापाशी उभे राहून रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी ते लाकडी अक्षरंच घेऊन आले. जाड आहेत, कडा धारदार आहेत, बोटांना कळतील. मामीने बोटं फिरवली आणि तिचा चेहरा पडला. "मला वाचताही येईना का आता?" मामांनी कपाळावर हात मारून घेतला. छापायचं अक्षर उलटंच कोरतात, आरशातल्यासारखं. जन्मभर उलटं वाचणाऱ्या माणसाला बायको सुलटं वाचते हेच आठवलं नव्हतं!

मग त्यांनी एका अखंड फळीवर सगळा शब्द सुलटा कोरला. त्यांच्या हाताला ती सवय नव्हती, पटाशी चुकीकडे वळायची, बोटं कापली. मामीने हळूहळू बोट फिरवलं. म. काना. मग पुढच्या अक्षरावरून बोट दोनदा मागे-पुढे नेलं. "अहो, झ आहे." मामा "हं" म्हणाले, तेवढंच. "अर्ध्याच पायावर उभा केलात बिचाऱ्याला," ती म्हणाली, आणि फळी मांडीवरून खाली ठेवेना.

मामा गेले. छापखाना बंद पडला, मामांची अक्षरं घरी आली आणि जुनी लाकडी अक्षरं विकत घेणारा एक माणूस घरी आला. त्याने घरातली सगळी घेतली. मग ती फळी उचलून निरखली आणि हसला. "ही नवख्याने कोरलेली दिसते. सुलटी आहे. कामाची नाही."

मामीने हात पुढे केला. "द्या इकडे. काय लिहिलंय ते वाचता येत नाही का तुम्हाला?"